सिंहस्थ ते सिंहस्थ : नाशकातल्या गाण्याच्या बाजाराचा इतिहास



आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, की हा काय इतिहासाचा विषय झाला? कॅसेट जाऊन डाउनलोड आलं, ही तर कालपरवाची गोष्ट. ती आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली. पण डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीचाच इतिहास लिहायचा राहून जातो, असा आमचा अनुभव आहे. पेशव्यांच्या काळातली दानपत्रं जपलेली सापडतात. आपल्याच घरातल्या माळ्यावर असलेल्या कॅसेटच्या खोक्यात काय होतं, ते मात्र सांगता येत नाही.

तर आज आपण विचारणार आहोत, की गाणं ही 'विकत घेऊन घरी आणायची वस्तू' होती, ती कधी आणि कशी नाहीशी झाली. हे आपण नाशकात उभं राहून पाहू. आपल्याकडे काळ मोजायचं एक सोयीचं माप आहे, सिंहस्थाचं. 1980, 1991, 2003, 2015 आणि आता तोंडावर आलेला 2027 चा. साधारण बारा वर्षांनी रामकुंडावर तीच गर्दी, तोच मांडव, तेच कर्णे. पण त्या कर्ण्यांतून येणारं गाणं दर वेळी वेगळ्याच वस्तूतून येत होतं.

त्याआधी थोडं मागे जाऊ.

भारतात गाणं विकायला सुरुवात झाली ती 1902 मध्ये. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला, गौहर जानचं गाणं मुद्रित केलं आणि तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला पाठवल्या. पुढे 1908 मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला. ती तबकडी लाखेची, मिनिटाला 78 फेरे घेणारी. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. तासभर राग मांडणाऱ्या गवयाला ती तीन मिनिटांत बसवावी लागली.

नाशिकशी नातं असलेलं एक नाव इथे घ्यायला हवं. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याचा उत्तरकाळ पंचवटीत, रामनाम आधार आश्रमात घालवला. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे संगीतप्रेमींचे बापूराव पलुस्कर, यांचं बालपण इथलंच. बापूराव 1955 मध्ये वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांचा आवाज आपल्यापर्यंत आला तो मुख्यतः त्या तीन मिनिटांच्या तबकड्यांमधून आणि आकाशवाणीने जपलेल्या फितींमधून. म्हणजे गायक गेला तरी गाणं राहतं, पण ते कोणत्या वस्तूवर राहतं आणि ती वस्तू कोणाच्या कपाटात असते, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. हा मुद्दा आपल्याला शेवटी पुन्हा लागेल.

तबकडीचा काळ हा मक्तेदारीचा काळ होता. मुंबईत वडाळ्याला 'यंग इंडिया'सारखी देशी कंपनी उभी राहिली, पण बाजार मुख्यतः एचएमव्हीचाच. कोणाचं गाणं निघावं हे कंपनी ठरवी. ते ऐकायचं तर घरात ग्रामोफोन हवा, आणि तो थोड्यांकडेच असे. बाकीच्यांनी ऐकायचं रेडिओवर, हॉटेलात, नाहीतर लग्नाच्या मांडवात. 1 एप्रिल 1955 ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालेलं गीतरामायण घराघरात पोचलं ते रेडिओमुळे. तबकड्या नंतर आल्या.

आता या व्यवस्थेच्या बाहेर राहिलेल्या एका माणसाकडे पाहू. सिन्नर तालुक्यातलं देशवंडी गाव. तिथे 15 ऑगस्ट 1922 ला वामन तबाजी कर्डक जन्मले. मुंबईत पोटासाठी राबले, मोठेपणी अक्षर शिकले, आणि 1943 च्या सुमारास हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर विडंबनगीत लिहून त्यांनी सुरुवात केली. पुढे आंबेडकरी चळवळीचे लोककवी वामनदादा कर्डक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. त्यांची गाणी गावोगाव पोचली ती तबकडीवरून नव्हे. ती पोचली जलशांतून, जयंतीच्या कार्यक्रमांतून, एका शाहिराच्या वहीतून दुसऱ्याच्या वहीत. ज्या नाशकात 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तिथल्या वस्त्यांमध्ये ही गाणी कुठल्याही दुकानात विकत मिळायच्या आधीपासून पाठ होती.

वामनदादांना आपण आज मधूनमधून भेटणार आहोत. गाण्याचा बाजार बदलला की त्यात कोणाचं काय झालं, हे त्यांच्या गाण्यांवरून नीट मोजता येतं.

आता पहिला सिंहस्थ, 1980 चा.

कॅसेट ही फिलिप्स कंपनीने 1963 मध्ये बाजारात आणलेली वस्तू. आपल्याकडे ती खऱ्या अर्थाने आली सत्तरच्या दशकाच्या अखेरीला. आखातात कामाला गेलेली माणसं परत येताना 'टू-इन-वन' घेऊन येत. मग आयातीचे नियम सैल झाले आणि देशात टेप तयार होऊ लागली. 1980 मध्ये कॅसेट अजून नवलाची होती. मांडववाल्याकडे तबकड्यांची पेटी असे आणि हळूच ठेवलेली सुई असे.

1991 च्या सिंहस्थापर्यंत चित्र पार पालटलं होतं. तबकडी जवळजवळ हद्दपार झाली होती. का? तबकडी छापायला कारखाना लागतो. कॅसेट भरायला एका खोलीत मावतील एवढी यंत्रं पुरतात. त्यामुळे गाणं विकायला मोठं भांडवल लागेनासं झालं. दिल्लीत गुलशन कुमार यांनी 1983 मध्ये सुपर कॅसेट्स, म्हणजे टी-सिरीज, उभी केली. किमती खाली आणल्या, आणि कॅसेट रेकॉर्डच्या दुकानातून उतरून किराणा दुकानात, पानटपरीवर, एसटी स्टँडवर आली. त्या काळच्या कॉपीराइट कायद्यातल्या एका तरतुदीचा आधार घेऊन जुनी गाजलेली गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेऊन विकण्याचा मोठा धंदा झाला. त्यावर वादही झाले. अमेरिकी अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी 1993 मध्ये भारतातल्या या उलथापालथीवर अख्खं पुस्तक लिहिलं.

महाराष्ट्रात याचा अर्थ काय झाला? मुंबईत व्हीनस, टिप्स, सुमीत अशा कंपन्या आल्या. पुण्यात फाउंटन आली. पुण्यातच सुरेश अलूरकर यांनी अलूरकर म्युझिक हाऊसमधून शास्त्रीय मैफली काढल्या, आणि पु. ल. देशपांडे यांचं कथाकथन कॅसेटवर आणलं. ते पु. ल. बॅगांमधून अमेरिकेतल्या मराठी घरांत गेले, तिथे त्यांच्या प्रती निघाल्या, प्रतींच्या प्रती निघाल्या. आवाज दर प्रतीला थोडा खरखरीत होत गेला, तरी हसू तेवढंच यायचं.

पण याहून मोठी गोष्ट घडली ती कॅसेटच्या दुसऱ्या टोकाला. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातली विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं, विठ्ठल उमप, पुढे आनंद आणि मिलिंद शिंदे. हा सगळा गाण्याचा ऐवज कॅसेटने घराघरात नेला. 14 एप्रिलच्या जयंतीला, 6 डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर, नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ठेले लागू लागले. वणीच्या गडाच्या पायथ्याशी देवीची गाणी, पंचवटीत रामाची आणि गंगेची गाणी. आपल्या नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, हे बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगून ठेवतो. रेकॉर्ड कंपनीने ज्यांच्याकडे कधी पाहिलं नसतं अशा बोलींची, अहिराणीची सुद्धा, कॅसेट निघू लागली.

वामनदादांची गाणीही आता कॅसेटवर आली, इतरांच्या आवाजात. इथे एक बारीक गोष्ट पाहा. कॅसेटच्या डबीत एक घडीचा कागद असायचा. त्याला कोणी कव्हर म्हणे, कोणी इनले. त्यावर गायकाचा फोटो, आणि मागे बारीक अक्षरात गीतकार, संगीतकार, वादक. अनेक स्वस्त कॅसेटवर ही नावं चुकीची असत, कधी नसतच. तरीही तो कागद म्हणजे त्या गाण्याचा जन्मदाखला होता. हे गाणं कोणाचं, असं कोणी विचारलं तर दाखवायला काहीतरी होतं.

तिसरा सिंहस्थ 2003 चा. या वर्षी जगात दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी चालू होत्या.

त्यासाठी आधी जर्मनीत जावं लागेल. तिथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रँडनबुर्ग आणि त्यांचे सहकारी आवाज कमी जागेत कसा मावेल यावर काम करत होते. सीडीवरच्या गाण्याला सेकंदाला 14 लाखांहून जास्त बिट लागतात. आपला कान त्यातलं बरंच ऐकतच नाही. मोठ्या आवाजाखाली झाकलेला लहान आवाज काढून टाकला तरी कळत नाही. हे तत्त्व वापरून त्यांनी गाणं सेकंदाला 1 लाख 28 हजार बिटांत बसवलं. म्हणजे अकरापट लहान. 1995 मध्ये या फाइलला नाव मिळालं 'एमपी-थ्री'. पाच मिनिटांचं गाणं सीडीवर 50 एमबीच्या वर जागा खायचं, ते पाच एमबीच्या आत आलं.

पुढचं आपल्याला माहीत आहे. 1999 मध्ये नॅपस्टर आलं, लोक एकमेकांच्या संगणकातून गाणी फुकट उतरवू लागले. खटले झाले, 2001 मध्ये ते बंद पडलं. मग एप्रिल 2003 मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्सचं दुकान उघडलं. एक गाणं 99 सेंट. अमेरिकेत 'डाउनलोड' हा शब्द अशा रीतीने सभ्य झाला.

त्याच वर्षी पावसाळ्यात नाशकात सिंहस्थ भरला. आपल्याकडे काय विकलं जात होतं? कॅसेट होत्याच. शिवाय रस्त्यावर चादर अंथरून विकलेल्या एमपी-थ्रीच्या सीडी. हिशेब साधा आहे. 700 एमबीच्या एका चकतीवर 140 च्या वर गाणी मावतात. कॅसेटवर मावायची दहा-बारा. म्हणजे बारा-चौदा कॅसेटचा ऐवज एका चकतीवर, आणि किंमत एका कॅसेटच्या आसपास किंवा त्याहून कमी. 'लताची 150 हिट', 'संपूर्ण भक्तिगीते', असं काहीतरी वर छापलेलं. यातलं बहुतेक बेकायदा होतं हे विकणाऱ्याला माहीत होतं, घेणाऱ्याला माहीत होतं आणि बंदोबस्ताला उभ्या असलेल्यांनाही माहीत असावं.

त्या चकतीवर कव्हर होतं, पण नावं नव्हती. दीडशे गाण्यांचे दीडशे गीतकार कुठे छापणार? फाइलचं नाव 'ट्रॅक 07'. गाण्याचा जन्मदाखला इथे पहिल्यांदा हरवला. हा आजच्या व्याख्यानातला महत्त्वाचा वळणाचा बिंदू आहे असं आम्हाला वाटतं. आपण नेहमी म्हणतो, की फुकट गाण्यामुळे कंपन्यांचं नुकसान झालं. झालंच. पण त्याबरोबर गाण्यापासून त्याच्या कर्त्याचं नावही सुटं झालं, आणि त्याची भरपाई पैशांनी होत नाही.

पुढच्याच वर्षी, 15 मे 2004 ला, वामनदादा कर्डक नाशकात वारले. प्रल्हाद शिंदेही त्याच वर्षी गेले. हजारो घरांत त्यांची गाणी वाजत होती. ती कोणत्या चकतीवर, कोणत्या नावाने होती, याची नोंद कोणाकडेच नव्हती.

2003 आणि 2015 या दोन सिंहस्थांमध्ये खरं स्थित्यंतर झालं. याबद्दल एक गैरसमज आहे. आपल्याला वाटतं की जगासारखंच आपल्याकडेही लोक कॅसेटवरून सीडीवर, सीडीवरून डाउनलोडवर आणि डाउनलोडवरून स्ट्रीमिंगवर गेले. नाशिकचा रस्ता असा सरळ नव्हता.

पहिली गोष्ट म्हणजे, आपल्याकडे लाखो लोकांनी डिजिटल गाण्यासाठी पहिल्यांदा पैसे मोजले ते गाणं ऐकण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्याला ऐकवण्यासाठी. कॉलरट्यून! फोन लावला की ट्रिंग ट्रिंगऐवजी गाणं. महिन्याला 30 रुपये भाडं, शिवाय गाण्याचे वेगळे. एखाद्याची ट्यून आवडली तर स्टार आणि नऊ दाबा, ती तुमची. वर्तमानपत्रात पानभर जाहिराती असत, गाण्यांचे सांकेतिक आकडे छापलेल्या. सीडी विकत न घेणारा माणूस यासाठी दर महिन्याला पैसे देत होता, कारण ते बॅलन्समधून आपोआप कापले जात. त्यातला मोठा वाटा मोबाइल कंपन्या ठेवत, उरलेल्यातून संगीत कंपनीला, आणि त्याच्याही खाली कुठेतरी गीतकार. अनेकांच्या फोनवर न मागता ट्यून लागत होती, म्हणून तक्रारी झाल्या. 2011 पासून दूरसंचार नियामकाने ग्राहकाची स्पष्ट संमती घेणं बंधनकारक केलं. आणि संमती विचारायला लागल्याबरोबर धंदा बसला! यातून जे समजायचं ते समजतंच.

दुसरी गोष्ट म्हणजे मेमरी कार्ड. आमच्या मते नाशिकच्या डिजिटल डाउनलोडचा खरा इतिहास इथे आहे. तो कुठल्या संकेतस्थळावर घडला नाही. तो घडला महात्मा गांधी रोडवरच्या मोबाइलच्या दुकानांत, सिडकोतल्या आणि सातपूरमधल्या रिचार्जच्या टपऱ्यांवर, आणि तालुक्यातल्या एसटी स्टँडसमोर. 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी. आत एक संगणक, त्यात फोल्डर : मराठी, हिंदी जुनी, हिंदी नवी, भक्ती, भीमगीतं, लावणी, कव्वाली, अहिराणी, डीजे. तुम्ही कार्ड द्यायचं, वीस-तीस-पन्नास रुपये द्यायचे, अर्ध्या तासाने यायचं. दोन जीबीच्या कार्डावर चारशेच्या वर गाणी बसतात.

हा व्यवहार नीट पाहा. गिऱ्हाईक पैसे देतंय, म्हणजे ही फुकटेगिरी नाही. दुकानदार निवड करून देतोय, 'हे घ्या, सध्या हेच चालू आहे' म्हणतोय. म्हणजे कॅसेटच्या दुकानदाराचंच काम तो करत होता. फक्त त्या पन्नास रुपयांतला एक पैसाही गाणाऱ्याकडे, लिहिणाऱ्याकडे जात नव्हता. संगीत कंपन्यांच्या संघटनेने काही दुकानांवर कारवाई केली, आणि नंतर परवाने देऊन हा धंदा कायदेशीर करण्याचाही प्रयत्न केला. पण टपऱ्या असंख्य होत्या आणि काळ थोडा उरला होता.

तिसरी गोष्ट, कायदेशीर डाउनलोडची दुकानं. फेब्रुवारी 2012 मध्ये फ्लिपकार्टने 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं ऑनलाइन दुकान उघडलं. गाणी सहा रुपयांपासून. डिसेंबर 2012 मध्ये आयट्यून्सचं दुकान भारतात आलं. आणि जून 2013 मध्ये फ्लाइट बंद झालं. जेमतेम सोळा महिने! सहा रुपये भरायला तेव्हा कार्डाचा नंबर टाकायचा, पासवर्ड यायची वाट पाहायची. यूपीआय यायला अजून तीन वर्षं होती. तेवढ्या वेळात टपरीवाला चारशे गाणी भरून मोकळा.

म्हणून आम्ही म्हणतो, की 'विकत घेतलेलं डाउनलोड' हा टप्पा, जो अमेरिकेत दहा-पंधरा वर्षं चालला, तो आपल्याकडे जवळजवळ आलाच नाही. 2014 मध्ये जगभरात डिजिटल गाण्याचं उत्पन्न पहिल्यांदा सीडी वगैरेंच्या बरोबरीला आलं. तोवर आपण डाउनलोड ओलांडून पुढे निघालो होतो.

स्ट्रीमिंगमध्ये मराठी माणसं मागे नव्हती. पुण्याच्या स्नेहल आणि स्वप्नील शिंदे या जुळ्या भावांनी 2007 मध्ये 'धिंगाणा' नावाची सेवा काढली. नाव अस्सल मराठी, श्रोते जगभर. पण गाण्यांचा परवाना मोठ्या कंपन्यांच्या हातात. एका मोठ्या कंपनीने परवाना काढून घेतल्यावर ती अडचणीत आली आणि 2014 मध्ये अमेरिकेतल्या 'आरडीओ'ने ती विकत घेतली. दुकान कितीही चांगलं असलं तरी माल दुसऱ्याचा असेल तर काय होतं, त्याचं हे उदाहरण.

याच काळात कायद्यात एक मोठा बदल झाला. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना हक्क मिळाला, की चित्रपटाबाहेर, म्हणजे रेडिओवर, फोनवर, इंटरनेटवर त्यांचं गाणं वापरलं गेलं तर रॉयल्टीत त्यांचा वाटा असेल आणि तो त्यांना कराराने सोडूनही देता येणार नाही. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत यासाठी जोर लावला होता. हक्क आला, पण तो मागायला नोंद लागते. गाणं कोणाचं आहे हे कुठेतरी लिहिलेलं लागतं. आणि नेमकी तीच नोंद आपण 2003 च्या चकतीवर आणि नंतरच्या मेमरी कार्डावर हरवून बसलो होतो.

आता 2015 चा सिंहस्थ. साधूंच्या हातातसुद्धा मोबाइल. तपोवनातल्या मांडवात गाणी वाजत होती पेन ड्राइव्हवरून. कॅसेटचे ठेले दिसेनासे झाले होते. काही महिन्यांनी, 29 फेब्रुवारी 2016 ला, मुंबईत काळा घोड्याचं रिदम हाऊस बंद झालं. नाशिकची दुकानं वर्तमानपत्रात बातमी न होता बंद झाली. बरीचशी मोबाइल कव्हर आणि चार्जर विकू लागली. त्याच वर्षी 'सैराट' आला. त्याच्या यशाची मोजदाद कोणी किती कॅसेट खपल्या अशी केली नाही. यूट्यूबचे आकडे सांगितले गेले. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि कार्ड भरून घ्यायची गरजही संपली.

यात काय कमावलं, ते प्रामाणिकपणे मांडायला हवं. चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणारे खान्देशातले भाविक आज जी अहिराणी गाणी वाजवत येतात, ती यूट्यूबवरची असतात. 'बबल्या इकस केसावर फुगे' हे गाणं खेड्यातून निघालं आणि ज्यांना अहिराणीचा गंध नाही अशांच्या लग्नातही वाजलं. मालेगावची मंडळी पूर्वी व्हिडिओवर आपले सिनेमे काढून गावातल्या व्हिडिओ पार्लरमध्ये दाखवत, तिथल्या विनोदी फिती आज जग पाहतं. एचएमव्हीच्या काळात यातलं काहीच शक्य नव्हतं. तेव्हा 'जुनं ते सोनं' असा गळा काढायला आम्ही इथे आलेलो नाही.

मग गमावलं काय? दोन गोष्टी.

पहिली, मालकी. कॅसेट तुमची होती. शेजाऱ्याला देता यायची, मुलीच्या संसारात जायची. आजचं गाणं आपण भाड्याने ऐकतो. परवाना संपला की यादीतलं गाणं एका सकाळी नसतं. ही टोचणी बाजारालाही कळली. 2017 मध्ये सारेगामाने, म्हणजे जुन्या एचएमव्हीने, 5000 गाणी आतच भरलेला 'कारवां' काढला. मराठी गाण्यांची आवृत्तीही आली. दिसायला जुना रेडिओ, आतून एक मोठं मेमरी कार्ड. टपरीवाला जे पन्नास रुपयांत करत होता, तेच कंपनीने रीतसर केलं. आणि ते खपलं, मुख्यतः आईवडिलांना द्यायची भेट म्हणून.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. मोठ्या कंपन्यांची गाणी डिजिटल झाली. छोट्या कंपन्यांच्या कॅसेट झाल्या नाहीत. ज्या कंपन्या बंद पडल्या, त्यांच्या मूळ फिती कुठे आहेत कोणाला माहीत नाही. टेप ही टिकाऊ वस्तू नाही. आपल्या पावसाळ्यात तिला बुरशी येते, चुंबकीय थर सुटतो. आणि कायदा काय सांगतो? ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं. म्हणजे 1960 च्या आधीच्या लाखेच्या तबकड्यांवरचं ध्वनिमुद्रण आज मुक्त आहे. संग्राहक त्या जपतात आणि आंतरजालावर ठेवतात. पण 1985 ची कॅसेट मुक्त होणार 2046 मध्ये. तोवर ती टेप वाजेल का? म्हणजे असं घडू शकतं, की बालगंधर्व नीट ऐकू येतील आणि ऐंशीच्या दशकातला बागलाणचा एखादा कलावंत मात्र कायमचा मुका होईल. ज्या माध्यमाने गरिबाचं गाणं पहिल्यांदा जपलं, तेच सगळ्यात आधी नष्ट होतंय.

आता वामनदादांकडे परत जाऊ. आपण पाहिलं, की तबकडीने त्यांना फारसं विचारलं नाही, कॅसेटने नाव कधी छापलं कधी नाही, चकतीने आणि कार्डाने ते पुसूनच टाकलं. तरीही आज यूट्यूबवर, नाव न लिहिलेलं एखादं भीमगीत लावा. शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. त्यांनी आपल्या अनेक गाण्यांत नाव विणून ठेवलंय, जसं तुकोबांनी, नामदेवांनी अभंगात ठेवलं. याला आपण नाममुद्रा म्हणतो. आजच्या संगणकाच्या भाषेत गाण्याबद्दलच्या माहितीला मेटाडेटा म्हणतात, आणि तो फाइलपासून सुटा होतो हीच मोठी डोकेदुखी आहे. आपल्या संतांनी आणि शाहिरांनी तो प्रश्न ओळखला होता. त्यांच्या काळात गाणं कागदावाचून, तोंडातोंडी फिरायचं, म्हणून नाव गाण्याच्या आतच ठेवायचं. गाणाऱ्याला ते गाळता येत नाही, कारण मग कडवंच मोडतं.

पण सगळ्यांची नाममुद्रा नसते. ढोलकीवाल्याची नसते, कोरसमधल्या बायकांची नसते, चाल बांधणाऱ्याची तर नसतेच. त्यांची नावं फक्त त्या घडीच्या कागदावर होती.

म्हणून शेवटी एक विनंती. नाशकात सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे. छापलेलं पुस्तक जपायचं असतं हे या शहराला पावणेदोनशे वर्षांपूर्वी समजलं होतं. कॅसेटबद्दल ते अजून समजायचंय. पुढच्या सिंहस्थाच्या आत एवढं करता येईल. घरातलं खोकं काढा. हिंदी सिनेमाच्या कॅसेट बाजूला ठेवा, त्या कुठेही मिळतील. गावातल्या कंपनीची, यात्रेत घेतलेली, भजनी मंडळाची, जयंतीच्या कार्यक्रमाची, आजोबांनी स्वतः भरलेली कॅसेट शोधा. ती वाजवून पाहण्याआधी कव्हर काढा आणि दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो घ्या. टेप नंतर तंत्र माहीत असलेल्या माणसाकडून भरून घेता येईल. कागद एकदा गेला तर ती नावं पुन्हा मिळणार नाहीत.

आणि ज्यांच्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या अहिराणी किंवा भीमगीतांच्या कॅसेट असतील, त्यांनी प्रश्नोत्तरांनंतर आम्हाला जरूर भेटावं. टेप चालत नसली तरी चालेल, डबी घेऊन या.

 आता प्रश्न घेऊ.